थंड कितें आसा? एप्रिलातल्या गोव्यात प्यायलेलं सगळं

एप्रिलात गोव्याला कोण जातं गं, असं घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा गोड रस, प्यायचा असेल तर उन्हाळ्यातच जावं लागतं, डिसेंबरात नुसती गर्दी मिळते. तर ही सहल बीचची नाही, चर्चची नाही, क्रूझची तर अजिबातच नाही. मी, नवरा आणि आठवीतून नववीत गेलेली आमची कन्या, तिघांनी मिळून गोव्यात जे जे थंड मिळालं ते पिऊन बघितलं आणि त्यावरून गाडीत भांडलो, एवढंच.

गुरुवार : कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, म्हापसा

पहाटे निघालो. आजऱ्यापर्यंत रस्ता मोकळा, आंबोलीत स्वेटर घालावा की काय अशी हवा, आणि घाट उतरून दाणोलीला आलो तर खिडकीतून भट्टी लावल्यासारखी झळ. कन्येनं तिथंच "कोल्ड्रिंक पाहिजे" चालू केलं.

आता इथं आमच्या घरातला जुना वाद. मी पक्की कोल्हापूरची, आमच्याकडे कोल्ड्रिंक म्हटलं की आधी दूध कोल्ड्रिंक डोळ्यासमोर येतं, घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, चमच्यानं खायचं आणि उरलेलं प्यायचं. बाटलीतलं जे फसफसतं ते सगळं थम्सप. लिम्का असली तरी थम्सप, "एक थम्सप दे, लिम्का" असं माझे काका आजही दुकानात सांगतात आणि दुकानदाराला त्यात काही खटकत नाही. नवरा पुण्याचा, त्याच्या मते कोल्ड्रिंक म्हणजे बाटलीच, दुधाचं असेल तर त्याला मस्तानी म्हणावं नाहीतर मिल्कशेक. कन्या दोघांना हसते.

सावंतवाडीच्या अलीकडे एका घराच्या पडवीवर हातानं लिहिलेली पाटी दिसली, कोकम सरबत, आगळ, काजूगर. थांबलो. कोल्ड्रिंक आहे का विचारल्यावर काकी म्हणाल्या, "कोल्ड्रिंक नाय हां, सरबत आसा. गोडाचा देव की आगळाचा?" अंगणात सुपांमधून रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची सालं वाळत घातलेली, सगळं अंगण जांभळं लाल, आणि त्यांच्या हाताची बोटं नखांपर्यंत रंगलेली. मी आगळाचं घेतलं. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस, त्यात साखर नसते. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातलं. एकाच फळाची ही दोन पेयं इतकी वेगळी आहेत की ज्याला एक आवडतं त्याला दुसरं बहुधा आवडत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबानं वाचा : आंबट गोष्टीवर साखर ओतून ती झाकणं मला पटत नाही. अमृत कोकमात निम्म्याहून जास्त चव साखरेचीच लागते.

टीप : आगळ घेताना बाटली हलवून बघा आणि "साखर घातलीये का" हे स्पष्ट विचारा, लेबलवर दोन्हीला कोकम सरबतच लिहिलेलं असतं बऱ्याचदा. सोलकढी करायची असेल तर आगळच पाहिजे. आणि पांढरे कपडे घालून पिऊ नका, डाग जात नाही.

पत्रादेवीवरून गोव्यात शिरलो, म्हापशात लॉज आधीच बघून ठेवला होता. रात्री जेवून लवकर झोपलो कारण दुसऱ्या दिवशी शुक्रवार.

शुक्रवार : म्हापशाचा बाजार, मग पणजी

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सकाळी लवकर गाठावा, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य. पार्किंगच्या नादाला लागू नका, गाडी लांब लावून चालत या. एप्रिल-मे म्हणजे गोव्यात पुरुमेंताचे दिवस, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी, त्यामुळे सुकी मासळी, मिरच्या, चिंच, मीठ, सोलं असा नुसता ढीग. खाली बसलेल्या बायका, पुढ्यात गोणपाट, त्यावर सोलांचे डोंगर. मोयऱ्याची लांब केळी, चोरीसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या माळा, आणि मानकुराद आंबा, ज्याचा भाव ऐकून नवऱ्यानं हात मागे घेतला.

आमच्याकडची आमसुलं म्हणजे इथं सोलां, आणि ओलं फळ म्हणजे भिरंडां. मी "कोकम द्या" म्हटल्यावर त्या बाईनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि थेट हिंदीत बोलायला लागली, म्हणजे मी टुरिस्ट ठरले. पुढच्या बाईकडे "सोलां कशी दिली" विचारलं तर भाव कमी सांगितला की नाही माहीत नाही, पण एक मूठ वर घातली. सोलं घेताना दाबून बघायची, हाताला चिकट आणि मऊ लागली पाहिजेत. वरती मिठाचा पांढरा थर खूप असेल तर वजन मिठाचंच भरतं.

बाजाराच्या बाहेर एका वळणावर गोटी सोड्याचं दुकान. हल्ली हे सगळीकडे परत आलंय, जाड काचेची बाटली, गळ्यात काचेची गोटी. सोडावाला मूळचा गदगचा, गोव्यात बरीच वर्षं, कन्नड, कोंकणी, हिंदी, मराठी सगळं एकाच वाक्यात. त्यानं सांगितलेला किस्सा मला फार आवडला. म्हणे गिऱ्हाईक काय म्हणून मागतं त्यावरून मी गाव ओळखतो. "बंटा" म्हणाला की दिल्लीचा. "गोटी" म्हणाला की मुंबई-पुणे किंवा गुजरात. "गोली सोडा" म्हणाला तर कर्नाटक नाहीतर तमिळ, आणि "वट्टु सोडा" म्हणणारा मलबारकडचा. मग तो त्याच भाषेत एक शब्द टाकतो आणि माणूस खुश होऊन दुसरी बाटली घेतो. धंदा असा करावा.

कन्येनं विचारलं ही गोटी आत घातली कशी. त्यानं रिकामी बाटली उलटी सुलटी करून दाखवली. गळ्यात वरच्या बाजूला रबराची रिंग असते, बाटली उलटी धरून भरतात, गॅसच्या दाबानं गोटी वर येऊन त्या रिंगेत गच्च बसते आणि तेच झाकण. अंगठ्यानं किंवा लाकडी दट्ट्यानं गोटी खाली दाबली की फट्‌ आवाज होऊन गॅस सुटतो. आणि गळ्याला दोन खोलगट चिमटे काढलेले असतात, पिताना बाटली त्या बाजूनं तिरकी केली की गोटी तिथं अडकते, नाहीतर ती परत तोंडाशी येते आणि तुम्ही ओढत बसता. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 च्या सुमाराला ही बाटली काढली. इतक्या वर्षांत कोणाला याच्यापेक्षा मजेशीर झाकण सुचलेलं नाही.

फळ्यावर फ्लेवर : लिंबू, जिरा, काला खट्टा, ग्रीन अ‍ॅपल, ब्लूबेरी, ब्लू लगून, पन्नीर. पन्नीर बघून कन्या किंचाळलीच, पनीरचा सोडा? तर तो गुलाबाचा असतो. तमिळमध्ये गुलाबपाण्याला पन्नीर म्हणतात, तिकडे हा सोडा एकदम फेमस. चव म्हणाल तर पहिला घोट अत्तर प्यायल्यासारखा, मग बरा लागतो, पण पूर्ण बाटली नाही जात. नवऱ्यानं जिरा घेतला, तो उत्तम होता, काळं मीठ नाकात जातंय इतका कडक. कन्येनं अर्थातच ब्लू लगून घेतला. त्यात निळा रंग सोडून काय आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, तिच्या मते तो ट्रिपमधला सगळ्यात भारी. जीभ संध्याकाळपर्यंत निळी.

दुपारी पणजी. कॅफे भोसलेत भाजीपाव आणि मिरची भजी, वर लिंबू सोडा. इथं वेटर विचारतो "स्वीट, साल्ट का मिक्स?" आणि तुम्ही मिक्सच सांगायचं.

चर्चसमोरच्या चौकातली बाग बघितली ती एका कारणासाठी. तिला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहिला, आणि 1563 साली इथंच छापलेल्या त्याच्या पुस्तकात इकडच्या औषधी झाडांची माहिती आहे, त्यात आपल्या भिरंडांचाही उल्लेख येतो, ब्रिंदाँव या नावानं. पोर्तुगीज येणाऱ्या ख्रिश्चन घरांमध्ये कोकमाच्या सिरपला ब्रिंदाँवच म्हणतात. म्हणजे रातांबा, भिरंड, ब्रिंदाँव, आणि खाली मंगळुरात गेलात तर तुळूमध्ये पुनर्पुळी. मंगळुरी हॉटेलात "कोकम ज्यूस" मागून उपयोग नाही, पुनर्पुळी म्हणावं लागतं, हे नवऱ्याला ऑफिसच्या टूरवर कळलं होतं.

पणजीतल्याच फोंतायन्यास या जुन्या वस्तीत एका छोट्या कॅफेत शिरलो कारण बाहेर पाटीवर लिहिलं होतं तिरफळ टॉनिक. तिरफळ आपण बांगड्याच्या आमटीत घालतो तेच. त्याचा पाक करून टॉनिक वॉटरमध्ये घातलेला. मला वाटलं होतं शोबाजी असेल, पण काय सांगू, पहिल्या घोटाला टॉनिकचा कडवटपणा, मग दोन सेकंदांनी जिभेच्या टोकाला झिणझिण्या, ओठ बधिर, आणि वर लिंबाचा वास. ते आवडलं असं म्हणणार नाही, पण ग्लास मी संपवला आणि नवऱ्याचा पण अर्धा प्यायले. त्यांच्याकडेच बिंबली आणि हिरव्या मिरचीचा सोडाही होता, तो मात्र फसला होता, बिंबलीचा आंबटपणा साखरेनं मारून टाकलेला. बिल बघून मात्र झिणझिण्या परत आल्या. एवढ्या पैशात म्हापशाचा सोडावाला आमच्या अख्ख्या गल्लीला पाजेल.

शनिवार : सत्तरी, मग फोंडा

हा दिवस ज्यासाठी आलो तो. सकाळी सातच्या आत वाळपईच्या पुढे पोचायचं होतं, मावशीच्या यजमानांच्या ओळखीतली काजूची बागायत आणि भाटी. भाटी म्हणजे दारूची भट्टी, सीझनपुरती रानातच उभी केलेली, वर झावळ्या. लांबूनच बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा वास येतो, गोड, आंबूस, थोडा नाकात चढणारा.

बी काढून घेतलेले बोंडू दगडी कुंडात टाकतात आणि पायांनी तुडवतात, आता पायात गमबूट असतात. तो रस पिंपात जातो, तिथं दोनतीन दिवस फसफसतो आणि मग तो एकदा गाळला की हलकी दारू, उर्राक, आणि परत गाळला की फेणी. पण तुडवून उरलेला जो चोथा असतो त्याचा हातानं थापून ढीग करतात, दोरीनं किंवा वेलीनं आवळून बांधतात, वर जड दगड ठेवतात आणि रात्रभर सोडून देतात. त्यातून जे थेंब थेंब गळतं तो नीरो. आम्ही गेलो तेव्हा खाली एक ॲल्युमिनियमचं पातेलं, तोंडाला फडकं, फडक्यावर दोन मुंगळे, आणि चारपर्यंत मोजावं तेव्हा एक थेंब. सगळ्या रात्रीचं जमलेलं मिळून कळशीभर पण नव्हतं.

भाटीवाल्या दादांनी स्टीलच्या ग्लासात ओतून दिला. रंग फिकट पिवळा, जवळजवळ स्वच्छ. चव गोड, खरंच गोड, आणि गिळल्यावर घसा किंचित आवळतो, बोंडू खाल्ल्यावर जसा आवळतो तसाच पण कमी. दारूचा अंश नाही, मुलांना पण देतात. कन्येनं ग्लास खाली ठेवला नाही, ब्लू लगूनवाली कन्या ही. मी विचारलं बाटलीत भरून नेऊ का, तर दादा हसले. "व्हरून कितें करतलीं? दनपारा मेरेन आंबट जातलो." दुपारपर्यंत फेसाळायला लागतो, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलात तर झाकण उडतं. म्हणून तो दुकानात दिसत नाही, म्हणून हॉटेलच्या मेन्यूत नाही, आणि म्हणूनच तो प्यायला माणसानंच उठून रानात जायचं. काजू फेणीला 2009 साली जीआय, म्हणजे त्या प्रदेशाचीच वस्तू अशी सरकारी ओळख, मिळालं, तिची पोस्टरं विमानतळापर्यंत आहेत, पण त्याच झाडाखाली गळणाऱ्या या बिनदारूच्या रसाचं नाव काढणारा टुरिस्ट विरळाच. मुळात काजूच आपल्याकडचा नाही, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, आणि आता कोकण म्हटलं की काजू.

टीप : मार्च ते मेचा मध्य हा साधारण सीझन. सकाळी नऊच्या आत जा. ओळखीशिवाय थेट भाटीत घुसू नका, आधी रस्त्यावरच्या दुकानात विचारा, कोणीतरी नक्की सांगतं. पैसे घ्या म्हटलं तर काहीजण घेत नाहीत, मग काजू विकत घ्या त्यांच्याकडून. आणि उपाशीपोटी चार ग्लास पिऊ नका, नवऱ्याचा अनुभव.

अकराच्या सुमारास फोंड्याला मावशीकडे. दारातच "कितें गो, वाळून गेलीस मगे!" मग पाणी, मग गूळ, मग तिनं कपाटातून जुनी काचेची बाटली काढली आणि गडद तपकिरी सिरप पाण्यात घालून दिलं. दुदशिरी. आपण उपळसरी किंवा अनंतमूळ म्हणतो ती, मुळांचा काढा करून साखरेत आटवायचा. वास घेतला तर व्हॅनिलासारखा, पण मागे मातीचा आणि लाकडाचा. ही अंगातली उष्णता काढते म्हणे, ते असेल नसेल, चव मात्र जबरदस्त. तमिळनाडूत हीच नन्नारी सरबत म्हणून मिळते आणि विजयवाड्याकडे सुगंधी सोडा. मी मावशीला म्हटलं अगं हे बाटलीत भरून विकलं तर कोलावाल्यांची सुट्टी होईल, ती म्हणाली मुळं खणायला तू येतेस का.

जेवायला भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तळलेले बांगडे, आणि दोन वाट्या समोर ठेवल्या. एकीत नारळाच्या दुधाची सोलकडी, गुलाबी. दुसरीत फुटी कडी, नारळ नाही, नुसतं सोलांचं पाणी, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. मालवणकडे जे तिवळ म्हणतात त्याच्याच जवळपासचं. हॉटेलात सगळे सोलकढी मागतात आणि ती बरेचदा दुधट नाहीतर रंग घातलेली असते. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात फुटी कडी. नारळाचं दूध सोलाचा आंबटपणा अर्धा करतं, फुटी कडीत तो पूर्ण मिळतो, आणि बांगड्यानंतर तोंड धुतल्यासारखं साफ होतं.

जेवण झाल्यावर काका, म्हणजे मावशीचे यजमान, गोल्ड स्पॉट या जुन्या संत्र्याच्या कोल्ड्रिंकवर घसरले. त्यांच्या कॉलेजच्या काळात फोंड्यात कोणाच्या घरी पाहुणा आला की गोल्ड स्पॉट आणायला पोरगं पळायचं, आणि लग्नात बाटली हातात पडली की स्ट्रॉ कुरतडत ती तासभर पुरवायची. मग 1977, परदेशी कंपन्यांनी हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा या नियमावरून कोका कोला देश सोडून गेला, सरकारनं डबल सेव्हन काढला, काकांच्या मते तो "खोकल्याच्या औषधात सोडा" होता, आणि त्याच साली थम्स अप आला. मग 1993 ला कोका कोला परत आला आणि त्यानं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळंच विकत घेतलं. थम्स अप टिकला, गोल्ड स्पॉट गेला. यावर काका अजून रागावलेले आहेत. फँटाला त्यांच्या घरात प्रवेश नाही.

दुपारी चारला अचानक वळीव. कडाड कडाड, लाइट गेले, पत्र्यावर गारा की काय असा आवाज, अर्ध्या तासात सगळं थंड आणि मातीचा वास. मावशीनं वाळत घातलेली सोलं आत घ्यायला आम्ही सगळे पळालो, माझा नवा कुडता तिथंच शहीद झाला.

रविवार : बाणावली

सकाळी मडगाववरून बाणावलीला. रविवारी दुपारपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, एटीएम आणि पेट्रोल आदल्या दिवशी उरका.

होमस्टेचे मालक अंकल म्हणजे रिटायर्ड तारवटी, आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, गॅलीत कुक होते. गेल्या गेल्या त्यांनी विचारलं "थंड कितें जाय? आडसर दिवं?" आडसर म्हणजे शहाळं. झाडावरचं उतरवलेलं, कोयत्यानं समोर फोडलेलं, मलई खायला त्याच सालीचा चमचा.

संध्याकाळी व्हरांड्यात बसून मी त्यांना सांगितलं की आम्ही असं पेयांची नावं गोळा करत फिरतोय, तर माणूस एकदम खुलला. म्हणाले जहाजावरून उतरलं की पहिली गोष्ट काय मागायची तर थंड, आणि प्रत्येक बंदरात शब्द वेगळा. ह्यूस्टनला "कोक" म्हणा, वेटर विचारते कुठला कोक, कारण तिथं दक्षिणेत संत्र्याचं पण कोकच. शिकागोकडे, ग्रेट लेक्सच्या बाजूला गेलात की "पॉप". न्यूयॉर्कला सोडा. बॉस्टनला जुनी माणसं सगळ्याला टॉनिक म्हणायची, अंकलनी टॉनिक मागवलं तर समोर संत्र्याचं पेय आलं. ग्लासगोत कुठलंही फसफसणारं म्हणजे जिंजर, आल्याचा संबंध असो नसो, आणि आयर्लंडमध्ये मिनरल. मी नवऱ्याकडे बघितलं. एक थम्सप दे, लिम्का! ह्यूस्टन आणि कोल्हापूर एकच आहे, मी कधीपासून सांगतेय.

विचित्र चवींवर त्यांचं मत पक्कं होतं. स्कॉटलंडचं आयर्न ब्रू, भगवं, 1901 पासूनचं, ते त्यांना आवडायचं. रूट बिअर अजिबात नाही. "जहाजावर पाठ धरली की जें चोळटात, ताचो वास." आणि ते खरंच आहे, रूट बिअरला जो वास असतो तो बहुतेकदा विंटरग्रीनचा, म्हणजे आपल्याकडचं गंधपुरा तेल, तेच आपल्या दुखण्याच्या मलमांमध्ये घालतात. आपल्या नाकाला तो वास पाठदुखीचा, अमेरिकन पोरांना वाढदिवसाचा. मी बॅगेतली मावशीची दुदशिरी काढली, त्यांना थोडी सोड्यात घालून दिली. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, आणि म्हणाले की हे म्हणजे मलम काढून घेतलेली रूट बिअर. आमच्या आजीच्या घरी पण होती ही, मग कोणी केली नाही. ग्लास परत पुढे केला.

मग अर्थातच उर्राक निघालं. उर्राकात लिम्का, लिंबू पिळून, मीठ आणि मधे चिरलेली हिरवी मिरची, हे गोव्याचं उन्हाळ्याचं ठरलेलं गणित आहे आणि लिम्काच पाहिजे, दुसरं लिंबूपेय आणलं तर अंकलसारखी माणसं उठून जातात. मी चव बघितली, नवऱ्यानं जरा जास्त बघितली. कन्येला अंकलनी तेच उर्राक वगळून करून दिलं, लिम्का, लिंबू, मीठ, मिरची, आणि सांगते, यात उर्राकाची काही गरजच नाही. मिरची ग्लासात दहा मिनिटं राहू द्यायची, मग तिखट नाही, नुसता हिरवा वास येतो आणि घशात शेवटी एक चटका. मला लिम्का एरवी गोड लागते म्हणून मी पीत नाही, मीठ-मिरचीनं तो गोडपणा जागेवर येतो. घरी आल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांना हेच चालू आहे.

रात्री नाक्यावरच्या गाड्यावर रस ऑम्लेट आणि पाव. शकुतीचा रस्सा, त्यात बुडालेलं ऑम्लेट, वर कांदा. गाड्यावर गाडी लावताना पुढच्याचा रस्ता अडवू नका, एवढ्यावरून आमच्यासमोर मोठं भांडण झालं. आणि उर्राक घेतलं असेल तर गाडी चालवू नका, रस्ते अरुंद आहेत, आम्ही चालत गेलो.

सोमवार : अनमोडवरून परत

मोले, अनमोड, लोंढा, खानापूर. घाटात ट्रकांची रांग लागली, तो वेळ वगळते. खानापूरच्या पुढे एका टपरीवर बिंदू जिरा घेतला, हे कर्नाटकातल्या पुत्तूरकडचं पेय, गोव्यातही बऱ्याच दुकानांत दिसलं होतं पण तिथं प्यायला पोटात जागा नव्हती. जिऱ्याचा वास खरा, मीठ व्यवस्थित, साखर माझ्या हिशोबानं जास्तच. बाटलीतल्या जिरा सोड्यात तरी मी हाच पहिला ठेवीन. म्हापशाच्या गोटीवाल्याचा याच्यापेक्षा वर, पण त्याच्यासाठी म्हापशाला जावं लागतं. नवरा म्हणाला सुरतेच्या सोस्योसमोर हे काहीच नाही, आणि त्यावर बेळगावपर्यंत वाद. बेळगावात कुंदा घेतला, तोंडं बंद झाली.

आणलेल्या मालाचा हिशोब सांगते, कोणी जाणार असेल तर कामाला येईल. सोलं बरणीत कोरडी ठेवलीत तर वर्षभर हलत नाहीत, ओला चमचा घालायचा नाही. आगळ काचेच्याच बाटलीत, उघडल्यावर फ्रिजमध्ये. दुदशिरीची मुळं मावशीनं बांधून दिली होती, ती धुऊन, ठेचून, रात्रभर भिजवून मग उकळायची, नुसती उकळली तर वास उतरत नाही. माझा पहिला घाणा बरा झाला, संपला पण. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली अमृत कोकमाची मोठी बाटली तेवढी भरलेली आहे, कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.